तोफेच्या पल्ल्यात मोजलेली गावे आणि गोळीचा वेग मोजणारा लंबक

१/ इ.स. १६९०. कडलूरजवळच्या किनाऱ्यावरून एक तोफ वेगवेगळ्या दिशांना डागली जात होती. समोर शत्रू नव्हता. गोळा जिथे पडेल तिथपर्यंतची गावे इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची, असा सौदा ठरला होता. सौद्यात विकणारा पक्ष होता मराठ्यांचा, म्हणजे जिंजीहून राज्य चालवणाऱ्या छत्रपती राजाराम महाराजांचा. #थ्रेड

२/ देवनापट्टणमचा हा छोटा किल्ला पुढे ‘फोर्ट सेंट डेव्हिड’ म्हणून प्रसिद्धीस आला. खरेदी करणारा मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल. अमेरिकेतील येल विद्यापीठाला ज्याचे नाव आहे, तोच. जिंजीवर मोगली फौजांचे सावट होते आणि मराठ्यांना पैशाची निकड होती. किल्ल्याभोवतालच्या ज्या गावांवर तोफेने शिक्कामोर्तब केले, ती इंग्रजी दप्तरात ‘तोफगोळ्याची गावे’ म्हणूनच ओळखली गेली.

३/ ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला खरा मुद्दा मात्र गमतीचा नाही. तोफ किती लांब मारते, हे तोफेच्या जातीइतकेच दारूच्या प्रतीवर, ती किती घातली यावर, गोळा नळीत किती सैल बसतो यावर, वाऱ्यावर आणि तोंड किती उंचावले यावर ठरते. म्हणजे ज्याच्या हाती बत्ती, त्याच्या हाती मोजपट्टी! विकणाऱ्याने अशा मापाला मान्यता द्यावी, यात त्या काळाचे अज्ञान आहे; आणि ते अज्ञान केवळ मराठ्यांचे नव्हते. डागणाऱ्या इंग्रज गोलंदाजालाही आपला गोळा तोंडातून किती वेगाने सुटतो, हे ठाऊक नव्हते. जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

४/ या थ्रेडचा विषय तो वेग आहे. गोळीचा वेग मोजायला माणूस कधी शिकला, कसा शिकला. आणि आज आपल्या पिस्तुलाची काडतुसे स्वतः भरणारा हौशी नेमबाज दोन भरण्यांच्या वेगांची तुलना करतो, तेव्हा त्याच जुन्या चुका पुन्हा कशा करतो. भूमिका आधीच स्पष्ट असावी: शस्त्रांच्या इतिहासात ‘पल्ला’ हा सर्वांत लाडका आणि सर्वांत अविश्वसनीय आकडा आहे. आणि ‘वेग’ हा आकडासुद्धा, तो कसा मोजला हे सांगितल्याशिवाय, पल्ल्याहून फारसा चांगला नाही.

५/ सतराव्या शतकाअखेर युरोपीय गोलंदाजीच्या पुस्तकांत गॅलिलिओचा पॅराबोला विराजमान होता. हवा नसती तर फेकलेली वस्तू त्या वक्राने जाते, हे खरेच आहे. पण शिशाच्या वा लोखंडाच्या जड गोळ्याला हवा ती काय अडवणार, असा बहुतेकांचा समज होता. न्यूटनने हवेच्या अवरोधाचे गणित मांडले होते. ते तोफखान्यापर्यंत पोहोचले नव्हते.

६/ वेग थेट मोजण्याची सोयच नव्हती. डोळ्याला न दिसणारी गोष्ट, शंभर फुटांचे अंतर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळात पार करणारी. त्या काळचे कोणते घड्याळ तिला पकडणार?

७/ उत्तर सापडले ते घड्याळ वगळून. बेंजामिन रॉबिन्स, जन्म १७०७, गाव बाथ, घराणे क्वेकर. युद्धाला पाप मानणाऱ्या पंथात जन्मलेल्या या गणितज्ञाने १७४२ साली ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले आणि गोलंदाजीचे शास्त्र मुळापासून बदलले.

८/ त्याचे यंत्र आज शाळेच्या प्रयोगशाळेतही उभे करता येईल. ओझी उचलण्यासाठी उभारतात तशी तीन खांबांची तिकटी. तिला टांगलेला लोखंडी लंबक. त्याच्या खालच्या रुंद भागावर स्क्रूने बसवलेली जाड लाकडी फळी. लंबकाच्या तळाला बांधलेली एक फीत, दोन पोलादी पट्ट्यांच्या चिमटीतून सैलसर ओवलेली. गोळी फळीत रुतते, लंबक मागे झोका घेतो, फीत चिमटीतून ओढली जाते. झोका थांबला की ओढली गेलेली फीत मोजायची. एवढेच.

९/ यामागील तत्त्व संवेगाचे. गोळीचे वस्तुमान गुणिले तिचा वेग, हा गुणाकार टक्करीत नाहीसा होत नाही. तो गोळीसकट लंबकाला मिळतो. रॉबिन्सची गोळी पाऊण इंच व्यासाची, एका पौंडाच्या बाराव्या हिश्श्याइतकी. लंबक सुमारे ५६ पौंडांचा. म्हणजे जवळजवळ पावणेसातशेपट जड. साहजिकच लंबकाला मिळणारा वेग तितक्याच पटीने कमी. सेकंदाला सोळाशे-सतराशे फूट धावणारी अदृश्य गोळी, ढोबळमानाने सेकंदाला अडीच फूट जाणाऱ्या, डोळ्यांना सहज दिसणाऱ्या झोक्यात रूपांतरित झाली. काळ मोजण्याचा प्रश्न त्याने लांबी मोजण्याच्या प्रश्नात बदलला, आणि लांबी मोजायला शिंप्याची पट्टी पुरते.

१०/ यंत्राहून त्याची शिस्त अधिक शिकण्यासारखी. प्रत्येक गोळी फळीत राहते म्हणून लंबकाचे वजन दर बाराला वाढते; ते हिशेबात घ्यावे लागते. गोळी नेमकी किती उंचीवर लागली, हे मोजावे लागते. फार जवळून बार काढला तर दारूचा धूर आणि झोतही लंबकाला ढकलतो. म्हणून बंदूक दूर ठेवावी लागते. आणि एका बारावर विसंबून चालत नाही.

११/ मग त्याने बंदूक मागे नेली. लंबक २५ फुटांवर असताना सरासरी वेग सेकंदाला सुमारे १६७० फूट आला. ७५ फुटांवर १५५०. १२५ फुटांवर १४२५.

१२/ हे तीन आकडे नीट पाहावेत. केवळ शंभर फुटांच्या प्रवासात गोळीने सेकंदाला जवळजवळ अडीचशे फुटांचा वेग गमावला. पन्नास फुटांत १२०, पुढच्या पन्नासात १२५. याचा हिशेब केला तर हवेचा अवरोध गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १२० पट निघतो. ‘जड गोळीला हवा काय करणार’ या समजुतीचा निकाल तीन ओळींत लागला.

१३/ पॅराबोलाचे काय? सेकंदाला सतराशे फूट वेगाने ४५ अंशांत सुटलेली गोळी, हवा नसती तर, सुमारे १७ मैल जाऊन पडली असती. शनिवारवाड्यावरून उडवली तर सिंहगडाच्याही पलीकडे! प्रत्यक्षात ती अर्धा मैलही धड जात नाही, हे रॉबिन्सने स्वतःच दाखवून दिले. पुस्तकी वक्र आणि वस्तुस्थिती यांत तीसपटींहून अधिक तफावत होती, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या कोणाला खटकली नव्हती.

१४/ आणखी एक निरीक्षण तर काळाच्या फार पुढचे होते. वेग ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचला की अवरोधाचा नियमच बदलतो, तो एकदम वाढतो, हे त्याच्या ध्यानी आले. गोळीपुढे उभी राहणारी आघातलहर प्रत्यक्ष छायाचित्रात दिसायला १८८० च्या दशकात अर्न्स्ट माख आणि पीटर साल्चर यांचे प्रयोग व्हावे लागले. रॉबिन्सपाशी कॅमेरा नव्हता. एक फीत होती.

१५/ इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने १७४६ मध्ये त्याला कोप्ली पदक दिले. त्याआधीच, १७४५ साली, बर्लिनमध्ये लिओनहार्ड ऑयलरने या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले आणि त्यावर मूळ ग्रंथाहून कितीतरी मोठे भाष्य लिहिले. त्याच्या फ्रेंच आवृत्तीचा कर्ता लोंबार ऑक्सोन येथील तोफखाना शाळेत शिकवत असे. तिथेच १७८८ च्या सुमारास बोनापार्ट नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने रॉबिन्सच्या ग्रंथाची टिपणे काढली. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

१६/ रॉबिन्सचा स्वतःचा शेवट मात्र फार थोड्यांना माहीत असतो. ईस्ट इंडिया कंपनीने १७४९ मध्ये त्याला आपला मुख्य अभियंता नेमले आणि हिंदुस्थानातील किल्ल्यांची डागडुजी सोपवली. तो १७५० मध्ये येऊन पोहोचला. कोठे? फोर्ट सेंट डेव्हिडला. साठ वर्षांपूर्वी ज्याच्या भोवतालची गावे तोफेच्या पल्ल्याने मोजली गेली, त्याच किल्ल्यावर. पल्ला हे माप किती फसवे आहे, हे सिद्ध करणारा जगातील पहिला माणूस त्या मापाच्या हद्दीत राहायला आला. आणि २९ जुलै १७५१ रोजी तापाने तिथेच वारला. वय अवघे ४४.

१७/ इथे एक आक्षेप अपेक्षित आहे. रॉबिन्सचे गणित न शिकताही लढाया जिंकल्या गेल्याच की! खरे आहे. साठ-सत्तर पावलांवरून एकमेकांच्या रांगांवर बार टाकणाऱ्या पलटणींना हवेच्या अवरोधाचे सोयरसुतक नव्हते. पानिपतावर किंवा प्लासीला कोणी लंबक टांगला नव्हता. अनुभवी गोलंदाजाचा अंदाज त्याच्या स्वतःच्या तोफेपुरता आणि स्वतःच्या दारूपुरता अचूकही असे. प्रश्न असा की, तो अंदाज त्याच्याबरोबरच मरत असे. मोजलेला आकडा दुसऱ्या गावी, दुसऱ्या शतकात, दुसऱ्याला तपासता येतो. ज्ञान आणि हातोटी यांत फरक आहे तो एवढाच. पण तो लहान नाही.

१८/ मराठी इतिहासप्रेमींच्या चर्चांत अमुक तोफेचा पल्ला इतके कोस, तमुक बंदुकीची गोळी इतक्या वेगाची, असे आकडे नित्य फिरतात. यांतले पल्ल्याचे आकडे कधी गोलंदाजाच्या बढाईतून आलेले असतात, कधी पर्यटकांसाठी लावलेल्या पाटीतून. वेगाचे आकडे बहुधा आजच्या कोणीतरी नळीच्या लांबीवरून केलेले गणित असते. जुन्या दप्तरांत गोळ्याचे वजन आणि दारूचे माप मिळते, आणि ते मोलाचे आहे. कारण ते कोणीतरी तराजूत खरोखर जोखले होते. जोखलेला आकडा आणि ऐकीव आकडा एकाच ओळीत, एकाच ठामपणाने लिहिणे हा तोफेचा अभिमान नव्हे, तिची उपेक्षा आहे.

१९/ पुढचे शतक झपाट्याने ओलांडता येते. वूलिच येथे कोळसा खाणकामगाराचा मुलगा चार्ल्स हटन याने १७७५ पासून मोठे लंबक टांगून तोफगोळ्यांचे वेग मोजले. त्यालाही कोप्ली पदक मिळाले. बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजे पुढचा काउंट रम्फर्ड, याने बंदूकच टांगली आणि तिच्या धक्क्यावरून वेग काढला. मग वीज आली.

२०/ बेल्जियन तोफखान्यातील अधिकारी ल बूलांजे याचे १८६० च्या दशकातील यंत्र या साऱ्यांत देखणे. गोळीच्या वाटेत तारांच्या दोन जाळ्या. पहिली तार तुटली की विद्युत्‌चुंबकाने धरलेली एक लांब दांडी खाली पडू लागते. दुसरी तुटली की दुसरी, आखूड दांडी सुटते आणि एक खटका दाबते. त्यासरशी एक पाते निसटून पहिल्या, अजून पडत असलेल्या दांडीवर खाच पाडते. खाच किती उंचीवर पडली, यावरून दांडी किती वेळ पडत होती ते कळते. पुन्हा काळाचे रूपांतर लांबीत, आणि यावेळी साक्षीदार पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण.

२१/ त्यातली एक बारीक गोष्ट अनेक जण गाळतात, आणि नेमकी तीच महत्त्वाची. पाते निसटायलाही थोडा वेळ लागतो. म्हणून मोजणीपूर्वी दोन्ही प्रवाह एकाच क्षणी तोडून दांडीवर एक खाच घ्यायची. गोळीच नाही, तरी उमटलेली ही खाच म्हणजे यंत्राची स्वतःची दिरंगाई. ती वजा करायची. जे यंत्र आपली चूक आपणच मोजून सांगते, त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवावा.

२२/ इतकी साधने हाताशी असताना माणूस मागे कसा जातो, याचे उदाहरण शिकागोचे. १९०४ मध्ये अमेरिकी लष्कराने नव्या पिस्तुलासाठी कोणती गोळी परिणामकारक, हे ठरवण्यासाठी कॅप्टन जॉन थॉम्प्सन आणि मेजर लुई ला गार्द यांना नेमले. फिलिपाइन्समध्ये .३८ ची रिव्हॉल्वरे कुचकामी ठरल्याच्या तक्रारी होत्या. कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि टांगलेल्या मानवी शवांवर गोळ्या झाडून वेगवेगळ्या काडतुसांची तुलना झाली.

२३/ टांगलेले शव गोळी लागल्यावर किती हलते, याचा अंदाज नजरेने घेतला गेला. हाही एक लंबकच होता म्हणायचा! रॉबिन्सच्या लंबकाला फीत होती; याला नव्हती. जनावरे थोडी, प्रत्येकावर झाडलेल्या गोळ्यांची संख्या वेगळी, लागण्याच्या जागा वेगळ्या. निष्कर्ष मात्र ठाम: व्यास .४५ इंचांहून कमी नको. त्यातून १९११ चे प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल आणि त्याचे २३० ग्रेनचे काडतूस लष्करात आले. ते शस्त्र उत्तम निघाले, यात शंका नाही. पण उत्तम शस्त्राने वाईट चाचणी शुद्ध होत नाही. त्या निष्कर्षावरून अमेरिकेतील नेमबाज आज शंभर वर्षांनंतरही हमरीतुमरीवर येतात, याचे कारण मुळात मोजलेच नव्हते, हे आहे.

२४/ आता हाताने भरलेल्या काडतुसांकडे. बार झाल्यावर पितळी नळकांडे शाबूत राहते. अमेरिकेत आणि इतर काही देशांत हौशी नेमबाज ते पुन्हा आकारात आणतात, नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवतात. (भारतात काडतुसे तयार करणे ही शस्त्र कायद्याखाली परवान्याची बाब आहे, हे प्रकरण म्हणूनच मुख्यतः परदेशचे.) उद्देश काटकसरीचा असतो, पण त्याहून अधिक असतो तो आपल्या पिस्तुलाला मानवणारे, एकसारखे काडतूस मिळवण्याचा. आणि ते एकसारखे आहे की नाही, हे कळायला वेग मोजावा लागतो.

२५/ बराच काळ हे हौशी लोक कारखान्याच्या पुस्तिकेतील आकड्यांवरच विसंबून होते. वेग मोजणे हे लष्करी प्रयोगशाळांचे काम. १९६० च्या दशकात टेक्सासमधील ऑस्टिन येथील अभियंते केन ऑहलर यांच्यासारख्यांनी सामान्य नेमबाजाला परवडेल असा इलेक्ट्रॉनिक क्रोनोग्राफ बाजारात आणला. आरंभी गोळीने फाटणारे पडदे, पुढे प्रकाशाचे: वरच्या उजेडात गोळीची सावली एका संवेदकावरून जाते, मग दुसऱ्यावरून, मधल्या वेळेवरून वेग.

२६/ पुस्तिकेतील आकडे आणि स्वतःच्या पिस्तुलाचे आकडे जुळत नाहीत, हा अनेकांना बसलेला पहिला धक्का. जुळायचे कारणही नव्हते. पुस्तिकेतली नळी बहुधा लांब, चाचणीसाठी खास घडवलेली. एकाच कारखान्याच्या दोन पिस्तुलांतही तेच काडतूस वेगवेगळा वेग देते. थंडीत एक, उन्हात दुसरा. मोठ्या नळकांड्यात थोडी दारू असेल तर पिस्तूल आधी वर करून मग रोखले की खाली करून, यानेही फरक पडतो, कारण दारू प्रायमरपाशी आहे की गोळीपाशी, यावर तिचे पेटणे अवलंबून.

२७/ आणि मोजपट्टीची चूक वेगळीच. दोन संवेदक दोन फुटांवर असतील, तर सेकंदाला हजार फूट जाणारी गोळी ते अंतर दोन सहस्रांश सेकंदात कापते. संवेदक बसवताना पाव इंचाची चूक झाली, तर वेगात एक टक्क्याची, म्हणजे सेकंदाला दहा फुटांची चूक. पडद्यावर मात्र आकडा दशांशासह, अगदी आत्मविश्वासाने झळकतो.

२८/ ऑहलर यांच्या पुढच्या एका यंत्रात दोनऐवजी तीन संवेदक होते. एकाच गोळीचा वेग दोन वेगवेगळ्या अंतरांवरून दोनदा मोजला जाई आणि दोन उत्तरांत जास्त तफावत दिसली की तो बार संशयास्पद ठरे. ल बूलांजेच्या रिकाम्या खाचेचा हा थेट वारस. आज नळीला बांधायची चुंबकीय साधने आहेत, रडारचे हातात मावणारे डबे आहेत. सोय अफाट वाढली. स्वतःवर शंका घेण्याची ही रीत त्या मानाने वाढलेली नाही.

२९/ सर्वांत मोठी गफलत यंत्राची नसतेच. समजा एका नेमबाजाने दोन प्रकारे काडतुसे भरली. पहिल्याचे पाच बार, सरासरी १०१२ फूट. दुसऱ्याचे पाच बार, सरासरी १०२०. निष्कर्ष: दुसरी भरणी वेगवान. खरेच? बारागणिक वेगात बारा-एक फुटांचे प्रमाण विचलन असेल, तर पाच बारांच्या सरासरीतच पाच फुटांची अनिश्चितता असते आणि दोन सरासऱ्यांच्या फरकात साडेसातची. आठ फुटांचा तो ‘फरक’ निव्वळ योगायोग असू शकतो. त्याबद्दल थोड्याफार खात्रीने बोलायला प्रत्येकी अठरा-वीस बार तरी हवेत.

३०/ सर्वांत जलद आणि सर्वांत मंद बारातील अंतर सांगण्याची रीत तर आणखी फसवी. बार वाढतील तसे हे अंतर वाढणारच. चुकार बाराला संधी जास्त. पाच बारांचे अंतर वीस बारांच्या अंतराशी ताडून ‘माझे काडतूस अधिक एकसारखे’ म्हणणे, म्हणजे चार पावसाळे पाहिलेल्याने चाळीस पाहिलेल्याला दुष्काळ शिकवणे. थोड्या नमुन्यांवरून किती बोलता येते, याचे गणित डब्लिनच्या एका मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्येच ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडून ठेवले आहे.

३१/ याला वेळ घालवणारी कीसकाढणी म्हणणाऱ्यांनी व्यावहारिक नेमबाजीच्या स्पर्धा पाहाव्यात. आयपीएससी ही त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया, मिसुरी येथे स्थापन झाली. तिच्या नियमांत ‘पॉवर फॅक्टर’ नावाचा आकडा आहे: गोळीचे वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले हजार. किमान १२५ हवा. सौम्य काडतुसे भरून धक्का कमी करायचा आणि झटपट नेम साधायचा, ही चलाखी रोखण्यासाठी हा नियम.

३२/ गणित पाहा. १२४ ग्रेनची गोळी, वेग १००९ फूट: १२५.१, उत्तीर्ण. वेग १००५: १२४.६, अनुत्तीर्ण. चार फुटांचा फरक, आणि दिवसभर अचूक झाडलेल्या साऱ्या गोळ्यांचे गुण शून्य. दशांश वर ढकलून पूर्णांक करण्याची सवलत नाही, १२४.९९ म्हणजे १२५ नव्हे. पाच बारांच्या सरासरीवर भिस्त ठेवून काठावर काडतुसे भरणाऱ्याची सकाळ गार असली, की त्याची स्पर्धा तिथेच संपते.

३३/ हा आकडा वजन गुणिले वेग असाच का, वेगाचा वर्ग घेऊन ऊर्जा का नाही, हा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडला असेल. कारण निखळ ऐतिहासिक आहे. त्या सुरुवातीच्या वर्षांत मैदानावर क्रोनोग्राफ नेहमी उपलब्ध नसे, आणि काडतुसांची ताकद तपासायला वापरत असत तो टांगलेला, गोळी लागली की झोका घेणारा लंबक. लंबकाला ऊर्जा कळत नाही. त्याला संवेग कळतो. १७४२ च्या तिकटीवरचा गुणाकार असा विसाव्या शतकाच्या नियमपुस्तकात येऊन बसला आणि लंबक गेल्यावरही राहिला.

३४/ मोठ्या स्पर्धांत क्रोनोग्राफच्या टेबलाशी दिवसाची सुरुवात स्पर्धकाच्या काडतुसाने होत नाही. आधी आयोजकांकडची ठरावीक काडतुसे, ठरावीक पिस्तुलातून झाडली जातात, आणि यंत्र कालच्यासारखेच बोलते आहे ना, हे पाहिले जाते. ते जुळले, की मग पहिल्या स्पर्धकाला बोलावतात.